क्लेम बर्क: ब्लाँडीपलीकडे काय ऐकावं, आणि ते हाताला बसवावं कसं?

उलटा_ठेका

मंडळी, सत्तरीच्या शेवटच्या न्यूयॉर्कमधल्या गाण्यांचा तासाभराचा कार्यक्रम बसवतोय. गिटार, बास, कीबोर्ड वाजवत गाणारी एक मुलगी, आणि ड्रम्सवर मी. यादीत ब्लाँडी या बँडची 'ड्रीमिंग' आणि 'हार्ट ऑफ ग्लास' नक्की आहेत, शेवटाकडे रमोन्स या पंक बँडची दोन गाणी.

विचारायचं ते असं. ब्लाँडीचा ड्रमर क्लेम बर्क याने बँडबाहेर बरंच वाजवलंय हे माहीत आहे, पण यादी इतकी लांब आहे की ड्रमरने नेमकं काय ऐकावं ते कळत नाही. युरिथमिक्स या बँडच्या 'स्वीट ड्रीम्स'वर तोच आहे असं दोघातिघांनी सांगितलं, ते खरं का? रमोन्समध्ये तो दोनच कार्यक्रम टिकला, ते का? आणि 'ड्रीमिंग' वाजवताना माझी लय प्रत्येक कडव्यात पुढे पळते, 'हार्ट ऑफ ग्लास'मध्ये उलट सगळं मेल्यासारखं वाटतं. उपाय सांगा.

जुना_कॅसेटवाला

'स्वीट ड्रीम्स'चा विषय आधी मिटवू. त्यात बर्क नाही. १९८३ च्या त्या गाण्यातला ठेका मूव्हमेंट नावाच्या ब्रिटिश ड्रम कंप्युटरचा आहे. लोकांचा घोळ होतो कारण युरिथमिक्सबरोबर तो त्याच्या आधीही आहे आणि नंतरही. पहिला अल्बम 'इन द गार्डन' (१९८१) कोलोनजवळ निर्माता कॉनी प्लांकच्या स्टुडिओत झाला. त्यात बर्कच्या जोडीला कॅन या बँडचा याकी लीबेत्साइट आणि डीएएफ या बँडचा रोबर्ट ग्योर्ल हेही ड्रमर आहेत. पुढे 'रिव्हेंज' (१९८६) आणि त्याचा जगभरचा दौरा, यात ड्रम्स बर्कचेच. 'मिशनरी मॅन' ऐका. जागा भरायची संधी पावलोपावली आहे आणि हा माणूस ती सोडून देतो.

ऐकायला सुरुवात मात्र ब्लाँडीपासूनच करावी, आणि तीही ओळीने. हा न्यू जर्सीतल्या बायोनचा, जन्म १९५४ चा. १९७५ मध्ये ब्लाँडीत आला तेव्हा बँड मोडायच्या बेतात होता, कारण बासवाला फ्रेड स्मिथ टेलिव्हिजन नावाच्या बँडमध्ये निघून गेला होता. बर्कने आपला मित्र गॅरी व्हॅलेंटाइन याला बासवर आणलं आणि गाडी पुढे सरकली. पहिले दोन अल्बम निर्माता रिचर्ड गॉटेहररने केले. त्यात बर्क म्हणजे द हू या बँडचा ड्रमर कीथ मून याचा भक्त, हात मोकळे सुटलेले. १९७८ च्या 'पॅरलल लाइन्स'ला निर्माता म्हणून माइक चॅपमन आला आणि त्याने प्रत्येक ठोका जागेवर बसेपर्यंत पुन्हा वाजवून घेतला. हे अल्बम लागोपाठ ऐकलेत तर एकाच माणसाचे दोन हात ऐकू येतात. पुढची सगळी कामं या दोन हातांमधली आहेत.

१९८२ मध्ये ब्लाँडी फुटल्यावर तो कोणाकोणाबरोबर वाजवत गेला ती यादी खरंच लांब आहे, म्हणून मी चाळून देतो. इगी पॉपचा 'झोंबी बर्डहाउस' (१९८२), निर्माता ब्लाँडीचाच क्रिस स्टाइन. ड्रम्स कोरडे आणि मोकळे आहेत, किटमधला एकेक ड्रम वेगळा ओळखता येतो, त्यामुळे शिकायला फार सोयीचा. द हूचा गिटारवाला पीट टाउनशेंड याचा 'व्हाइट सिटी' (१९८५): तिथे सायमन फिलिप्स आणि मार्क ब्रझेझिकीही आहेत, म्हणून कोणत्या गाण्यावर कोण ते श्रेयनामावलीत बघून मगच मत बनवा. मून १९७८ च्या सप्टेंबरमध्ये वारला, 'पॅरलल लाइन्स' बाजारात आला त्याच महिन्यात. मूनच्या चेल्याला मूनच्या जोडीदाराबरोबर वाजवायला मिळालं ते त्यानंतर काही वर्षांनी. बॉब डिलनच्या 'नॉक्ड आउट लोडेड' (१९८६) मध्ये तो फक्त 'अंडर युवर स्पेल'वर आहे, युरिथमिक्सच्या डेव्ह स्टुअर्टच्या ओळखीने. चेकर्ड पास्ट या बँडमध्ये त्याच्याबरोबर सेक्स पिस्टल्सचा स्टीव्ह जोन्स, ब्लाँडीचा नायजेल हॅरिसन, टोनी सेल्स, गायक मायकेल दे बार्रे अशी भारी नावं होती. १९८४ चा त्यांचा एकुलता अल्बम नावांच्या मानाने फिका आहे, वेळ नसेल तर सोडा.

नव्वदीत आणि त्यानंतरही काही वर्षं तो रोमँटिक्स या बँडमध्ये होता. १९९९ मध्ये ब्लाँडी 'मारिया' घेऊन परतली आणि ते गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. एम्प्टी हार्ट्स (२०१४) हा रोमँटिक्सच्या वॉली पामर आणि कार्स या बँडच्या एलियट ईस्टनबरोबरचा बँड मजेचा आहे. शेवटपर्यंत तो ब्लाँडीत वाजवत राहिला, ६ एप्रिल २०२५ ला कर्करोगाने गेला.

कोरा_स्नेअर

वरची यादी उत्तम. मी वाजवण्याबद्दल लिहितो.

आधी एक सूचना: ब्लाँडीचे तेव्हाचे प्रचाराचे व्हिडिओ बघून हात शिकू नका. ते रेकॉर्डवर ओठ आणि काठ्या हलवून केलेले आहेत. 'हार्ट ऑफ ग्लास'मध्ये तो पडद्यावर दिमाखात वाजवतो, पण जे ऐकू येतं ते तुकड्यातुकड्याने टेपवर चढवलेलं आहे. हातासाठी प्रत्यक्ष कार्यक्रमांची चित्रणं बघा, आवाजासाठी रेकॉर्ड ऐका.

'ड्रीमिंग' (१९७९). बर्क जवळजवळ गाणंभर फिल्स (मधल्या जागा भरणारे जादा ठोके) टाकत जातो. हाच टेक रेकॉर्डवर राहील अशी त्याची अपेक्षा नव्हती, हे त्याने पुढे सांगितलंय. लय पुढे पळते ती फिल्समुळे नाही, फिल चालू असताना पाय थांबतो म्हणून. हात टॉम ड्रम्सवर गेले की बहुतेकांचा उजवा पाय गप्प होतो. मग सोळाव्या मात्रांचा (एका मात्रेत चार ठोके) हिशोब एकट्या हातांवर येतो आणि हात घाई करतात. बसवताना असं करा: मेट्रोनोम मूळ वेगाच्या ७० टक्क्यांवर लावा. पहिल्या फेरीत फिल नाहीच, किक (पायाने वाजणारा बास ड्रम), स्नेअर (समोरचा खणखणीत ड्रम) आणि डाव्या पायाने हाय-हॅटवर (झांजांच्या जोडीवर) चारही मात्रा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक ओळीच्या शेवटच्या मात्रेवर एकाच मात्रेचं फिल, फक्त स्नेअरवर. तिसऱ्यात दोन मात्रा, स्नेअरवरून टॉमवर. डावा पाय एकदाही चुकला नाही तरच वेग ५ ने वाढवा. चारही मात्रांची फिल्स सगळ्यात शेवटी.

दुसरा दोष समेवर येण्याचा. फिल खालच्या मोठ्या टॉमवर संपतं, उजवा हात तिथून क्रॅश झांजेपर्यंत उचलायचा, आणि सम उशिरा पडते. क्रॅश थोडा खाली आणि स्वतःकडे कलता लावा, किंवा फिलचा शेवटचा ठोका डाव्या हाताने घ्या म्हणजे उजवा मोकळा राहतो. क्रॅशबरोबर किक हवीच, नुसती झांज पातळ वाटते. आणि गाण्याच्या ओळी पाठ करा. त्याची फिल्स शब्दांच्या मधल्या फटीत बसतात, गायिकेच्या श्वासावर. शब्द माहीत नसतील तर तिच्या डोक्यावर वाजवाल.

'हार्ट ऑफ ग्लास'चं दुखणं वेगळं. न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लांटमध्ये आधी रोलंड सीआर-७८ या ताल-यंत्राचा ठेका टेपवर घेतला, त्यावर बास ड्रम एकटा, मग बाकीचे ड्रम्स. तेव्हा यंत्रं एकमेकांच्या लयीला बांधणारी मिडीची सोय नव्हती, माणसानेच यंत्राला चिकटून वाजवायचं. तुमचं मेल्यासारखं वाटतंय त्याचं कारण बहुधा हे की खालचं यंत्र तुमच्याकडे नाहीच. फक्त चारही मात्रांवर किक आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर स्नेअर वाजवलं तर लग्नाच्या बँडचा डिस्को होतो. सीआर-७८ चे नमुने सहज मिळतात. त्याचा ठेका लॅपटॉपवर मिनिटाला ११५ मात्रांच्या आसपास बांधा आणि मिक्सरवर ३०० हर्ट्झखालचं कापून टाका. नाहीतर यंत्राची किक आणि तुमची किक एकमेकांवर आपटून प्रत्येक मात्रा दुहेरी ऐकू येते. तुम्हाला त्यातले टिकटिकणारे वरचे आवाजच हवेत. ते लोकांनाही ऐकवा आणि तुमच्या कानातही द्या, पण तारेच्या इयरफोनने. ब्लूटूथचा आवाज उशिरा पोचतो आणि तुम्ही त्या उशिरावर वाजवत बसता.

किकला पेडल तळव्याने दाबून धरू नका, ठोका मारून बीटर परत येऊ द्या. आत उशी टाकली असेल तर ती फक्त पुढच्या कातड्याला टेकलेली असावी.

उलटा_ठेका

पाय थांबतो हे अगदी खरं निघालं, आत्ता नुसतं मांडीवर वाजवून पाहिलं तरी थांबतो. अजून एक: 'हार्ट ऑफ ग्लास'च्या मधल्या वाद्यांच्या तुकड्यात एक मात्रा कुठेतरी गळते. सात मात्रा म्हणजे रूपक धरून मोजलं तर चालेल का? बासवाला तबला शिकलेला आहे, त्याचा तसा आग्रह आहे.

कोरा_स्नेअर

सातच आहेत, पण रूपक नको. रूपकात तीन-दोन-दोन आणि समेवर खाली, म्हणजे टाळीविना रिकामी मात्रा. इथे किक प्रत्येक मात्रेवर पडते, समेवर तर हवीच. बासवाल्याने मनात खाली धरली की तो पहिल्या मात्रेवर हात आखडता घेणार आणि पायाखालची जमीनच जाणार. चार अधिक तीन मोजा: नेहमीचं आवर्तन, मग शेवटची मात्रा खाल्लेलं आवर्तन. तुमचा पाय बदलत नाही, यंत्रासारखा चालतो. बदलते ती फक्त पुढची सम. पुन्हा चारात कधी यायचं ते गिटार ठरवते, म्हणून तो तुकडा गिटारवाल्याबरोबर दोघांनीच आधी बसवा. सिंगल आणि अल्बमच्या आवृत्त्यांची लांबी वेगळी आहे, कोणती वाजवताय ते बँडने आधी ठरवा. आणि चॅटवर दुवा टाका, नाहीतर प्रत्येकजण घरी वेगळंच ऐकून येतो. लॅपटॉपवरचा ठेकाही या तुकड्यात सातचाच बांधावा लागेल हे विसरू नका. चाराचा तसाच चालू राहिला तर त्याचे जोर भलत्याच मात्रेवर पडतात.

डावरा_ड्रमर

रमोन्सबद्दल. त्यांचा ड्रमर रिची बँड सोडून गेल्यावर १९८७ च्या ऑगस्टमध्ये बर्क 'एल्व्हिस रमोन' या नावाने बसला. २८ तारखेला प्रॉव्हिडन्स, २९ ला ट्रेंटन, आणि संपलं. आधीचा ड्रमर मार्की परत आला. याला लोक बर्कची फजिती म्हणतात, ते मला पटत नाही. वेग त्याला नवा नव्हता. गिटारवाला जॉनी रमोन याची तक्रार हाय-हॅटवरच्या दुगणीबद्दल होती, आणि ती तक्रार नेमकी होती.

पहिला ड्रमर टॉमी रमोन याने घालून दिलेला नियम असा: उजवा हात हाय-हॅटवर आठव्या मात्रा (एका मात्रेत दोन ठोके) सरळ, सगळ्या सारख्या जोराच्या, फिल्स जवळपास नाहीत. १९० च्या वेगाला मिनिटाला ३८० ठोके, म्हणजे सेकंदाला सहाहून जास्त, एकाच हाताने, आणि गाण्यांमध्ये मोकळा वेळ फक्त एक ते चार मोजण्याइतका. बर्कची सवय हाय-हॅटवर चौथ्या मात्रा (मात्रेला एकच ठोका) ठेवून उरलेली जागा हातांनी भरायची. चौथ्या मात्रा धरल्या की त्याच वेगाला गाणं निम्म्या चालीचं ऐकू येतं, जॉनीचा गिटारवरचा खाली-खाली घासणारा हात उघडा पडतो. दोन्ही हात एकत्र धावले पाहिजेत.

तुमच्यासाठी: १४० वर सुरू करा, तीन मिनिटं सलग, मग ४ ने वाढवा. काठी हाय-हॅटपासून दोन-तीन इंचांपेक्षा वर नेऊ नका. अंगठा आणि तर्जनीत टेकू, बाकीची बोटं काठी परत ढकलतात. मनगट पूर्ण वळवलंत तर दुसऱ्या गाण्यात पोटरीसारखा हात भरून येतो. भरून आला की माणूस घट्ट धरतो, घट्ट धरला की अजून भरतो. हाय-हॅट अर्धा उघडा ठेवायचा मोह टाळा, छोट्या खोलीत त्याच्या सळसळीत गिटार बुडते. आणि हाय-हॅटचा क्लच (वरची झांज धरून ठेवणारा भाग) कार्यक्रमाआधी पान्याने आवळा, या ठोक्यांनी तो हमखास सैल होतो आणि वरची झांज खाली बसते.

अवांतर: ड्रमरच्या शरीरावर काय बेततं यावर चिचेस्टर आणि ग्लॉस्टरशायर विद्यापीठांनी अभ्यास केला तो बर्कवरच, त्याच्या नावाने. कार्यक्रमात त्याची नाडी सरासरी १४० ते १५० आणि कधी १९० पर्यंत गेलेली नोंदली गेली. तासाला ४०० ते ६०० कॅलरी जातात असं निघालं. ग्लॉस्टरशायरने पुढे त्याला मानद डॉक्टरेट दिली.

जुना_कॅसेटवाला

या आकड्यांवरून यादीच्या क्रमाचा विचार करा. 'ड्रीमिंग'ला लागून रमोन्स ठेवू नका. 'ड्रीमिंग' पहिल्या तिघांत घ्या, हात ताजे असताना. रमोन्सच्या आधी 'हार्ट ऑफ ग्लास': तिथे उजव्या हाताला उसंत मिळते आणि यंत्राच्या लयीवर डोकंही शांत होतं. दोन्हींच्या मध्ये गिटारवाल्याला सूर लावायला मिनिटभर द्या आणि तेवढ्यात पाणी प्या, मीठ-साखर घातलेलं. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत बंद हॉल असेल तर नुसतं पाणी पुरत नाही. किट भाड्याचा असेल तर स्नेअर, किकचं पेडल आणि क्लच स्वतःचा न्या, शिवाय ड्रमखाली टाकायला खरखरीत पायपुसणं किंवा सतरंजी. गुळगुळीत फरशीवर चार मात्रांची किक बास ड्रमला गाणं संपेपर्यंत वीतभर पुढे ढकलते.