पहिल्यांदाच परदेशातील व्यापारप्रदर्शनाला जाताना : खान्देशातील अनुभव

रावेर-यावलची केळी, जळगावची डाळ आणि प्लॅस्टिकच्या चटया, नंदुरबारची मिरची हा आपला माल दूरदूर जातो. पण तो घेणारा ग्राहक किंवा तो तयार करणारी नवी यंत्रे प्रत्यक्ष पाहून आलेले लोक आपल्याकडे अजून थोडेच आहेत. डसेलडॉर्फ, बर्लिन, ग्वांगझू, दुबई येथील प्रदर्शनांना पहिल्यांदा निघालेले अनेक जण तेच तेच प्रश्न विचारत असतात. जे जाऊन आले आहेत, त्यांनी निघण्यापूर्वीची तयारी कशी केली ते येथे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. तिथे काय पाहिले याच्या वर्णनापेक्षा इथून निघताना काय ठरवले होते, हे पुढच्या माणसाला अधिक उपयोगी पडेल.

जळगाव एमआयडीसी, चटई उत्पादक

जर्मनीतील डसेलडॉर्फचे ‘के’ प्रदर्शन प्लॅस्टिक आणि रबर उद्योगाचे असून ते दर तीन वर्षांनी भरते. २०२५ मध्ये ते ८ ते १५ ऑक्टोबर या काळात झाले आणि त्यात तीन हजारांहून अधिक कंपन्या होत्या. एवढ्या पसाऱ्यात ‘काय नवीन आले आहे ते पाहू’ असे म्हणत शिरलेला माणूस संध्याकाळी पिशवीभर माहितीपत्रके घेऊन बाहेर पडतो, यापलीकडे काही घडत नाही. म्हणून मी उन्हाळ्यातच कारखान्यातील फोरमन आणि ऑपरेटर यांना एकत्र बसवून, रोजच्या कामात सर्वांत जास्त काय अडते, हे विचारले. पुनर्वापराच्या दाण्यातील कचऱ्यामुळे गाळण्याची जाळी तुंबते आणि एक्स्ट्रूडर (प्लॅस्टिक वितळवून पुढे ढकलणारे यंत्र) थांबवावा लागतो, नळीची जाडी एकसारखी राहत नाही, आणि किलोमागे वीज जास्त लागते, अशा तक्रारी त्यांनी सांगितल्या. माझी सगळी तयारी याच तक्रारींभोवती झाली.

प्रदर्शकांची यादी आधीच संकेतस्थळावर मिळते. तिच्यातून या अडचणींशी संबंधित कंपन्या निवडल्या आणि प्रत्येकीला ताशी उत्पादन, स्क्रूचा व्यास, दाण्याचा प्रकार आणि तुंबलेल्या जाळीचे छायाचित्र अशी माहिती पाठवून भेटीची वेळ मागितली. ज्यांनी उत्तरादाखल नुसता कॅटलॉग पाठवला, त्यांना यादीत शेवटी ठेवले. ज्यांनी ‘दाण्यात ओलावा किती आहे?’ असा उलट प्रश्न केला, त्यांना सकाळची वेळ दिली. या दुसऱ्या प्रकारच्या लोकांशी झालेल्या चर्चेतूनच पुढे काम झाले. भेटींची आखणी दालनांच्या क्रमांकाप्रमाणे केली आणि दुपार बरीचशी मोकळी सोडली, कारण चालू यंत्रासमोर तासभर उभे राहिल्याशिवाय त्याचा अंदाज येत नाही.

प्रदर्शनाच्या काळात डसेलडॉर्फमधील हॉटेलांचे दर फार वाढतात. कोलोन किंवा ड्युइसबर्ग येथे राहून रेल्वेने ये-जा करणे सोयीचे ठरते. शक्य असेल तर घरातील नातेवाइकाऐवजी आपल्या अनुभवी ऑपरेटरला सोबत न्यावे, असे मी मनापासून सुचवतो. यंत्राच्या आवाजावरून त्याला जे समजते, ते आपल्याला माहितीपत्रकातून समजत नाही. पुढचे ‘के’ २०२८ मध्ये आहे, तेव्हा त्याच्या पासपोर्टची सोय आतापासून करता येईल.

धुळे, निर्यात कागदपत्रांचे काम करणारा

वरील भाऊंनी पासपोर्टचा उल्लेख केला, म्हणून तेवढेच लिहितो. जर्मनीच्या शेंगेन व्हिसासाठी (युरोपातील बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा) पासपोर्ट मागील दहा वर्षांत दिलेला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि बोटांचे ठसे देण्यासाठी आपल्याला मुंबई किंवा पुणे गाठावे लागते; त्यामुळे भेटीची वेळ मिळताच रेल्वेचे आरक्षण करावे. प्रदर्शनाचे तिकीट, कंपन्यांशी झालेला पत्रव्यवहार, जीएसटी विवरणपत्रे आणि बँकेचे उतारे यांतील फर्मचे नाव अक्षर न् अक्षर सारखे असावे. एका कागदावर ‘ट्रेडर्स’ आणि दुसऱ्यावर ‘ट्रेडिंग कंपनी’ असेल, तर विनाकारण शंका उपस्थित होते.

रावेर तालुका, केळी उत्पादक आणि निर्यातदार

आपली केळी प्रामुख्याने आखाती देश, इराण आणि इराककडे जातात. युरोपच्या बाजारात मात्र इक्वेडोर, कोलंबिया आणि कोस्टारिका यांचा माल वर्षानुवर्षे बसलेला आहे. बर्लिनला फेब्रुवारीत भरणाऱ्या ‘फ्रूट लॉजिस्टिका’ या फळे-भाजीपाल्याच्या प्रदर्शनाला जाताना मी हे मनाशी पक्के धरले होते की, पहिल्याच भेटीत युरोपची ऑर्डर मिळवण्यासाठी आपण जात नाही. आखातातील खरेदीदारही तिथे येतात, आणि पॅकहाउस, शीतसाखळी आणि पिकवणीची तंत्रे एकाच ठिकाणी पाहता येतात, हा माझा हेतू होता.

तयारी म्हणून एका पानावर आमच्या बागांची माहिती लिहिली : ग्रँड नैन वाण, महिन्यावार उपलब्धता, फण्यांची प्रतवारी, १३ किलोचा बॉक्स, बागेतून पॅकहाउसपर्यंत लागणारा वेळ, आणि रीफर (शीत) कंटेनरमधील १३ ते १४ अंश तापमान. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेही नमूद केले. मात्र खरेदीदाराने त्याहून आधी ग्लोबल गॅप या चांगल्या शेतीपद्धतींच्या प्रमाणपत्राबद्दल विचारले. ते नसेल तर युरोपातील मोठ्या दुकानसाखळ्यांशी बोलणे पुढे सरकत नाही, म्हणून निघण्यापूर्वी किमान त्याची प्रक्रिया सुरू करावी. अपेडाच्या (शेतमाल निर्यातीला चालना देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) भारतीय दालनात आधी जाऊन आपल्या देशातील निर्यातदारांशी बोलून घेतले, तर पुढील भेटी सोप्या होतात.

थंडीचे कपडे आणि चालायचे बूट इथूनच वापरून सवय करून न्यावेत. सामानात पेढे किंवा तूप ठेवू नये. दुग्धजन्य पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. कळण्याचे पीठ आणि बिबडे मात्र आम्ही नेले होते.

यावल, महिला गट, केळी वेफर्स

दुबईच्या ‘गल्फूड’ या खाद्यपदार्थांच्या प्रदर्शनासाठी आम्ही दोघी जणी गेलो होतो. सामानाचा विषय निघाला आहे, तर भगिनींना मुद्दाम सांगते की, संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेणे हा गुन्हा आहे. घरून बांधून दिलेला मसाला किंवा लाडू यांत ती नाही ना, हे स्वतः पाहावे. वेफर्सच्या पाकिटावर इंग्रजी आणि अरबी लेबल कसे दिसेल, याचा नमुना छापून नेला होता आणि टिकाऊपणाचा अहवाल सोबत ठेवला होता. भाव विचारतील तेव्हा जळगावचा भाव सांगायचा की न्हावा शेवा बंदरावर पोहोचवून सांगायचा, याचा हिशेब आम्ही घरीच दोन्ही प्रकारे करून ठेवला, त्यामुळे बोलताना संकोच वाटला नाही. २०२६ पासून हे प्रदर्शन वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि एक्स्पो सिटी अशा दोन ठिकाणी भरते, म्हणून आपला विभाग कुठे आहे ते पाहूनच राहण्याची जागा ठरवावी.

जळगाव, डाळमिल

कँटन फेअर हे सर्व प्रकारच्या मालाचे प्रदर्शन चीनमधील ग्वांगझूमध्ये वर्षातून दोनदा, तीन टप्प्यांत भरते. यंत्रसामग्री पहिल्या टप्प्यात असते. तारखा न पाहता तिकीट काढले, तर समोर घरगुती वस्तू किंवा कापड येईल. डाळीचे दाणे निवडणारी सॉर्टेक्स यंत्रे मला हवी होती आणि त्यांचे अनेक कारखाने हेफेई शहरात आहेत, म्हणून प्रदर्शनानंतर तिकडे जाण्याचे आधीच ठरवले. आपल्या तुरीचे आणि हरभऱ्याचे नमुने नेण्याऐवजी, दोषयुक्त दाण्यांची छायाचित्रे आणि टक्केवारी पाठवून कारखान्याकडून चाचणीचे चलचित्र मागवून घेतले. चीनमध्ये गुगल चालत नाही. पैसे देण्याचे अलीपे ॲप इथेच सुरू करून त्याला आपले कार्ड जोडून घ्यावे, आणि हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत कागदावर छापून घ्यावा.

नंदुरबार, मिरची

मिरची घेणारा युरोपीय खरेदीदार अफ्लाटॉक्सिन (बुरशीमुळे तयार होणारे विष) आणि कीडनाशकांच्या अवशेषांचा अहवाल मागतो. अहवाल ज्या लॉटचा आहे, त्याच लॉटचा नमुना सोबत न्यावा आणि पाकिटावर तो क्रमांक ठळक लिहावा.