परदेशात गेलात तर मराठी माणसापासून लांब राहा म्हणे!

शनिपारची_सून

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक लांबलचक पोस्ट फिरत आली. लिहिणारा कोण ते कुठेच नाही, पण सूर असा की आपण सगळे अडाणी आणि तो एकटा पोचलेला. म्हणणं असं: कुटुंब घेऊन परदेशात गेलात की पहिले तीन महिने तिथल्या मराठी मंडळाकडे फिरकू नका, देशी किराणा दुकान शोधू नका, मुलांशी घरातही तिथलीच भाषा बोला. आल्याआल्या आपल्यांत शिरलात की कायमचे तिथेच अडकलात. खाली अंगठ्यांचा पाऊस. अंगठे देणाऱ्यांतल्या निम्म्यांचा परदेश म्हणजे टूरबरोबर केलेलं दुबई.

माझा धाकटा भाऊ, वहिनी आणि दोन पोरं गेल्या हिवाळ्यात जर्मनीत श्टुटगार्टला गेली. विमान उतरलं शनिवारी संध्याकाळी. ऑफिसने घर पाहून ठेवलं होतं, पण स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि भिंतीतून बाहेर आलेले दोन पाइप. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. तिकडे बऱ्याचदा जुना भाडेकरू अख्खं किचन उचकटून घेऊन जातो. दुसऱ्या दिवशी रविवार, दुकानं कडेकोट बंद. पोरांनी सकाळी पेट्रोल पंपावरचा पाव खाल्ला. संध्याकाळी जवळच्या ब्योबलिंगेन गावचं एक मराठी जोडपं हजर. ओळख म्हणजे मावसबहिणीच्या नणंदेची मैत्रीण, बस. हातात इंडक्शनची शेगडी आणि वरणभाताचा डबा.

त्याच बाईने विचारलं, लेटरबॉक्सवर नाव लावलंत का? तिकडे पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत. आणि टॅक्सचा नंबर, बँकेचं कार्ड, सगळं टपालाने येतं. भावाने मुलीच्या वहीचं पान फाडून आडनाव लिहिलं आणि सेलोटेपने चिकटवलं.

पुढे एक दिवस दाराला छोटी पाटी लटकलेली. वहिनीला वाटलं स्वागताची आहे. फोटो पाठवला, आईने तो अख्ख्या भिशीला दाखवला. ती निघाली जिना झाडायची पाळी आल्याची पाटी! श्टुटगार्टकडे ही आठवड्याची पाळी अगदी कडक. हेही त्या बाईनेच सांगितलं, नाहीतर खालच्या आजी पहिल्याच आठवड्यात वैरीण झाल्या असत्या.

हे सगळं विचारायला तीन महिने थांबायचं होतं का?

बावधनकर

ताई, ती पोस्ट मी लिहिलेली नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर धागा माझ्यावर घसरेल. पण म्युनिकजवळ बरीच वर्षं काढून परत आलोय, त्यामुळे राहवत नाही.

वरणभाताने पहिला रविवार निघतो. पाचवं वर्ष निघत नाही. आमच्या भागात अशी कुटुंबं होती की ऑफिसात इंग्रजी, घरी मराठी, शनिवारी देशी दुकान, रविवारी कोणाच्या तरी घरी पावभाजी. म्हणजे हिंजवडी उचलून तिकडे नेऊन ठेवली. मग ब्लू कार्डवाल्याला, म्हणजे शिकलेल्या नोकरदारांच्या परवान्यावर आलेल्याला, कायम राहायचा परवाना मागायची वेळ आली की धावपळ. जर्मनची बी-१ ही मधली पातळी असेल तर २१ महिन्यांत मिळतो, नुसत्या ए-१ वर, म्हणजे अगदी पहिल्या पायरीवर, २७ महिने. नागरिकत्वाला बी-१ शिवाय पर्याय नाही.

आणि मुलांचं काय? म्युनिकच्या बव्हेरिया राज्यात चौथीतच ठरतं मूल कुठल्या शाळेत जाणार ते. गिम्नाझियमला, म्हणजे पुढे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, जायचं तर जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास मिळून सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली लागते, आणि तिकडे १ म्हणजे उत्तम. तिसरीत गेलेल्या पोराला जेमतेम दीड वर्ष मिळतं. त्या दीड वर्षात त्याला मराठी मंडळाच्या गणपतीत लेझीम शिकवायची का जर्मन, तुम्हीच ठरवा.

पत्ता_बदललेली

ती मूळ पोस्ट पुरुषाने लिहिली आहे, पैजेवर सांगते.

पहिल्या दिवसांत नवरा सकाळी ऑफिसात जातो. तिथे त्याला माणसं असतात, कॉफी मशीन असतं, इंग्रजी बोलणारा मॅनेजर असतो. बायको बंद खिडक्यांच्या घरात तीन वर्षांचं पोर घेऊन बसते, बाहेर दुपारी चारलाच अंधार. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी भाषेची परीक्षा लागत नाही, त्यामुळे आमच्यासारख्या कोऱ्याच जातात. कागदावर नोकरीची पूर्ण मुभा, प्रत्यक्षात पाळणाघरात जागा मिळेपर्यंत घरात. मला खालच्या मजल्यावरची साताऱ्याची मुलगी भेटली नसती तर मी पहिल्या महिन्यातच परतीचं तिकीट काढलं असतं. जर्मन क्लासही तिनेच दाखवला, बावधनकर. मराठी माणसामुळेच मी जर्मन शिकले.

आणि घरी मुलांशी जर्मन बोला म्हणे! आमच्या पाळणाघरातल्या बाईंनी स्वच्छ सांगितलं, घरी तुमची भाषा नीट बोला, जर्मन आमच्यावर सोडा. आईबापांचं मोडकंतोडकं जर्मन ऐकून पोर काय शिकणार?

बावधनकर

तुम्ही शिकलात, चांगलं केलंत. न शिकलेल्या किती पाहिल्या ते विचारू नका.

पत्ता_बदललेली

नाहीच विचारत. तुम्ही सांगितल्याशिवाय राहणार नाही.

गोदाकाठ

हसावं का रडावं कळेना. नवीन देशातलं स्वागत वगैरे चाललंय. मी नांदेडहून पुण्यात आलो तेव्हा बायको, कडेवर लेकरू, दोन बॅगा. कोथरूडात घर बघायला गेलो तर मालकिणीबाईंचा पहिला प्रश्न, "आडनाव काय?" दुसरा, "नॉनव्हेज?" तिसरा मी थांबून ऐकलाच नाही. पुढच्या ठिकाणी सगळं ठरलं, डिपॉझिटही दिलं, आणि राहायला गेल्यावर पहिल्याच रात्री खालून निरोप, लेकराला रडवू नका. लेकरू होतं अकरा महिन्यांचं!

तुमच्या जर्मन आजीने निदान पाटी तरी लावली. आम्हाला इथे कोणी शेगडी आणून दिली नाही. पुणेकरांना परदेशात पाहुणचार आठवतो, घरी नाही.

शनिपारची_सून

धागा परदेशाचा आहे, गोदाकाठ.

गोदाकाठ

आमच्यासाठी पुणंच परदेश होतं, ताई. फरक एवढाच की तिकडे डिपॉझिटला कायदा आहे. वरखर्च सोडून नुसत्या भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, तेही तीन हप्त्यांत देता येतं. इकडे मालक म्हणेल ती पूर्वदिशा.

मंडईबाहेर

झालं सुरू. एका मालकिणीवरून अख्खं शहर झोडपायचं. आमच्या वाड्यात लातूरचं कुटुंब आलं तेव्हा माझ्या आईने त्यांच्या बाळाला आठवडाभर दूध दिलं. ते नाही कोणी लिहिणार. भाड्याने देणाऱ्याचीही बाजू असते. माझ्या फ्लॅटचा भाडेकरू तीन महिन्यांचं लाइट बिल थकवून रातोरात गेला, जाताना गीझरही नेला. तो कुठल्या जिल्ह्यातला होता ते मुद्दाम सांगत नाही.

गोदाकाठ

न सांगता सांगितलंत की. हेच म्हणतोय मी.

निवृत्त_नोंदणी

थोडी माहिती. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं ही वेगळी गोष्ट. लोक दोन्हींची खिचडी करतात. मंडईबाहेर, आपला करार नोंदवलेला होता का?

मंडईबाहेर

विषय तो नाही.

गोदाकाठ

विषय तोच आहे :))

पिठलंभात

मूळ मुद्द्याकडे येतो, कारण माझा अनुभव शनिपारताईंच्या अगदी उलट आहे. फ्रांकफुर्टला आम्हाला आपल्याच एका माणसाने खोली दिली. प्रेमाने, अरे आपलाच आहेस म्हणून. डिपॉझिट रोख घेतलं. पावती मागितली तर म्हणाला, आपल्यात पावती कसली?

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, आणि २०१५ पासून त्यासाठी घर देणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं. हा पत्रच देईना. कारण मूळ घरमालकाला न विचारता त्याने पोटभाडेकरू ठेवले होते. नोंदणी नाही म्हणून टॅक्सचा नंबर नाही, मुलाच्या शाळेचं अडलं. शेवटी मदत केली ती ऑफिसातल्या एका तुर्की बाईने. तिच्या चुलत भावाचं रिकामं घर मिळालं, पत्र पहिल्या दिवशी, डिपॉझिटची पावती सहीशिक्क्यासकट. ‘आपलाच’ हा शब्द कोणी वापरला की मी हल्ली खिसा चाचपतो.

शनिपारची_सून

वाईट झालं. पण एक नग असा निघाला म्हणून सगळ्यांना टाळायचं?

बावधनकर

एका शेगडीवरून सगळ्यांना कवटाळायचं?

पत्ता_बदललेली

बावधनकर, तुमचा पहिला रविवार कोणी काढला होता ते सांगा ना. इतका वेळ टाळताय.

बावधनकर

कोल्हापूरच्या एका डॉक्टरांच्या घरी जेवलो होतो. तांबडा रस्सा. समाधान? पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला जर्मन क्लासात नेऊन बसवलं आणि महिनाभर फोन उचलला नाही. माझ्या मते मदत अशी करावी.

शनिपारची_सून

म्हणजे मराठी माणूस हवा, पण उद्धट हवा. कोपरापासून नमस्कार.

गोदाकाठ

तसा हवा असेल तर पुण्यातून निर्यात करता येईल.

मंडईबाहेर

गोदाकाठ, इतकं वाईट आहे तर अजून इथे कसे?

गोदाकाठ

कर्ज काढून घर घेतलंय, वारज्यात. आता तुमच्यातलाच झालोय. परवा मीही एका नवीन भाडेकरूला गाडी कुठे लावायची नाही ते सुनावलं.

नुसता_वाचक

पहिल्यांदाच लिहितोय. आम्ही ऑगस्टमध्ये कार्ल्सरूहला चाललोय, मुलगी तिसरीत. कुकर न्यायचा का, मंडळात नाव घालायचं का आणि मुलीशी काय बोलायचं, इतकंच हवं होतं. दोन तास वाचून कलम ५५ तेवढं कळलं.

बावधनकर

मुलीला जाण्याआधी इथेच जर्मनची तोंडओळख करून द्या, बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवनात चौकशी करा. कार्ल्सरूहच्या राज्यात शाळा सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होते. ऑगस्टच्या सुरुवातीलाच पोचा आणि जर्मन न येणाऱ्या मुलांच्या तयारी वर्गाबद्दल शाळेत लगेच विचारा. मंडळात दिवाळीनंतर.

शनिपारची_सून

मंडळात पोचल्या दिवशी. घर घेताना किचन आहे का ते लेखी विचारा. कुकर न्या, जादा रिंग आणि शिट्टीसकट. पण बुडाला चुंबक चिकटतो का ते इथेच बघून घ्या, नाहीतर इंडक्शनवर चालायचा नाही.

पिठलंभात

आणि घर ठरवण्याआधी नोंदणीच्या पत्राचं विचारा. जर्मन असो, तुर्की असो, नाहीतर सदाशिव पेठी.

मंडईबाहेर

सदाशिव पेठेला मध्ये ओढायची काय गरज होती?