मदत हवी आहे: ज्यूरीसाठी समन्स आलंय, पासपोर्ट भारतीय आहे

थेम्सकाठी

नमस्कार मंडळी. शनिवारी टपालाने एक पाकीट आलं. उघडलं तर क्राउन कोर्टात ज्यूरर म्हणून (आरोपी दोषी की नाही ते ठरवणाऱ्या बारा सामान्य माणसांपैकी एक) हजर राहण्याचं समन्स, माझ्याच नावाचं. आधी वाटलं कुणीतरी फसवायला बघतंय, कारण मी ब्रिटिश नागरिक नाही. नऊ वर्षं इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते, इथे कायम राहायची परवानगी आहे, पण पासपोर्ट भारतीयच. सात दिवसांत उत्तर द्यायचंय, त्यातले तीन गेले. उत्तर दिलं नाही तर हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो म्हणे.

अडचणी सांगते. मुलगी सहा वर्षांची आहे, शाळा सव्वातीनला सुटते आणि नवरा आठवड्यातले तीन दिवस बाहेरगावी असतो. मी एका छोट्या ऑफिसात पगारपत्रकं बघते, माझं काम करणारं दुसरं कुणी नाही. आणि गणपतीला सांगलीला जायची तिकिटं काढलेली आहेत. कोर्टाचे दहा दिवस नेमके त्यातच येतात.

पण झोप उडालीय ती या कशानेच नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. काहीतरी सांग आणि सुटका करून घे." आमच्या घरात कोर्ट म्हणजे बाबांची कागदांची पिशवी. जमिनीच्या वाटणीच्या दाव्यात ते बावीस वर्षं तारखांना जात होते. निकाल लागला तेव्हा भांडणारे दोघंही चुलतभाऊ हयात नव्हते. आणि आता मीच बसून ठरवायचं की समोरचा माणूस दोषी आहे की नाही? माझं इंग्रजी ऑफिसपुरतं चांगलं आहे. पण कुणी भराभर बोललं, वेगळ्या भागातल्या उच्चारांनी बोललं, की मधले शब्द निसटतात. एखादा असा शब्द निसटला आणि त्यावरच कुणाचं आयुष्य अवलंबून असलं तर?

मी पात्र आहे का? नाही म्हणता येतं का? आणि म्हणावं का? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

जुना_रेडिंगकर

समन्स खरं आहे, पात्रही आहात. भारत राष्ट्रकुलात आहे, त्यामुळे इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार यादीत नाव घालता येतं. कौन्सिलकडून फॉर्म आला तेव्हा तुम्ही भरला असणार. ज्यूररांची नावं त्याच यादीतून संगणक कशीही उचलतो. वय 18 ते 75, आणि तेराव्या वर्षानंतर सलग पाच वर्षं या देशात वास्तव्य, एवढं पुरतं. पासपोर्टचा रंग कुणी विचारत नाही. ठरावीक शिक्षा झालेल्यांना आणि जामिनावर असलेल्यांना बसता येत नाही, तो भाग तुम्हाला लागू नाही.

तिकिटांचं अगदी सोपं आहे. तारीख एकदा पुढे ढकलून मागता येते, येत्या बारा महिन्यांतली. उत्तर देतानाच बुकिंगचा पुरावा जोडा आणि कोणत्या तारखा जमणार नाहीत तेही लिहा. कायमची सूट मात्र वर्षभरात कधीच जमणार नसेल तरच मिळते, आणि मुलगी लहान आहे एवढ्यावर ती मिळेल असं मला वाटत नाही.

एडिसनची_काकू

इकडचं लिहून ठेवते, कारण मुलंबाळं गोंधळतात. अमेरिकेत ज्यूरीला फक्त नागरिक चालतो. आमच्याकडे पुतण्याला ग्रीन कार्डवर असताना पत्र आलं आणि त्याने ते कचऱ्यात टाकलं. तसं करू नका. नागरिक नाही, अशी खूण करून ते परत पाठवायचंच असतं. आणि चुकूनही "नागरिक आहे" वर खूण करू नका, पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ते अंगाशी येतं.

गवतीचहा

अगं, मी दोन वर्षांपूर्वी जाऊन आले. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती, म्हणून तुझं वाचल्यावर लगेच लिहायला बसले.

पैशांचं आधी. सुट्टी द्यावीच लागते, पगार देणं मात्र मालकावर बंधनकारक नाही. समन्ससोबत एक फॉर्म येतो, तो ऑफिसकडून भरून घे. मी गेले तेव्हा पहिल्या दहा दिवसांसाठी दिवसाला साधारण 65 पौंडांपर्यंत मिळत होतं. त्यातच बुडालेला पगार आणि मुलीला सांभाळायचा जास्तीचा खर्च, दोन्ही. प्रवासाचे आणि जेवणाचे थोडे वेगळे. घर चालण्याइतकं नाही, हे गृहीत धर. शाळेतल्या एका आईशी ठरवून टाक, कोर्ट साधारण साडेचारला सुटतं पण रोज नेमकं तेव्हाच असं नाही.

पहिले दोन दिवस आम्ही नुसते बसून होतो. मोठी खोली, खुर्च्या, कॉफीचं मशीन, आणि नाव पुकारलं जाईल म्हणून प्रत्येकाचा कान तिकडे. मला फार राग आला होता. सगळं घर उलटंपालटं करून यायचं आणि वर्तमानपत्र वाचायचं! तिसऱ्या दिवशी पंधरा-एक जणांना कोर्टात नेलं, कारकुनाने चिठ्ठ्या काढून बारा नावं वाचली. त्यात माझं होतं. तोवर वाटलेला राग कुठे गेला कळलं नाही. आरोपी समोर बसलेला असतो. तो तुझ्याकडे बघतो. आपण त्याच्याकडे बघतो. त्या क्षणी पोटात जो खड्डा पडला तो अजून आठवतो.

शपथ गीतेवर घेता येते किंवा धर्माचं नाव न घेता प्रतिज्ञा करता येते. दोन्हींची किंमत एकच. मी गीता मागितली, त्यांच्याकडे होती.

इंग्रजीचं. माझंही तुझ्यासारखंच. एका साक्षीदाराचं बोलणं मला अर्धं कळलं नाही. मी चिठ्ठी लिहून अशरकडे (ज्यूरीची ने-आण करणारा कोर्टाचा कर्मचारी) दिली, त्याने ती न्यायाधीशांना दिली, आणि त्यांनी साक्षीदाराला सावकाश पुन्हा सांगायला लावलं. नंतर आमच्यातल्या इथेच जन्मलेल्या दोघांनी मला हळूच सांगितलं की त्यांनाही कळलं नव्हतं, विचारायला लाज वाटत होती. फारच कळेनासं झालं तर न्यायाधीशांना तसं सांग, ते तुला मोकळं करू शकतात. पण तू ज्या मराठीत वर लिहिलंयस आणि ज्या काळजीने लिहिलंयस, ते वाचून मला नाही वाटत तशी वेळ येईल.

आणि तू एकटीने ठरवायचं नसतं. बारा जण असतात. न्यायाधीश बजावून सांगतात की दोषी म्हणायचं तर खात्री हवी. बहुतेक खरं असेल, एवढ्यावर नाही. आधी सगळ्यांचं एकमत मागतात, किमान दोन तास दहा मिनिटं उलटल्यावर न्यायाधीशांनी परवानगी दिली तर दहा विरुद्ध दोन चालतं. आमच्या खोलीत काय बोलणं झालं ते मी सांगणार नाही. ते आयुष्यभर कुणालाच सांगायचं नसतं, नवऱ्यालाही नाही, तो गुन्हा आहे. आरोपीचं नाव गूगलवर शोधणं हाही गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद. एकदा खटला सुरू झाला की या धाग्यावरही एक अक्षर लिहू नकोस.

घरी आले की मी आठवडाभर नीट जेवत नव्हते. हेही सांगायला हवं.

सदाशिवपेठी

मी पुण्यात चाळीस वर्षं वकिली केली, आता निवृत्त आहे. थेम्सकाठी, तुमच्या आईंचं वाक्य माझी आजीही म्हणायची. ती म्हण पक्षकाराची आहे. ज्याच्या डोक्यावर दावा आहे त्याची. ज्यूरर पक्षकार नसतो.

तुम्ही भाषेचं लिहिलंत म्हणून टिळकांच्या खटल्याची आठवण देतो. 1897 च्या पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यात नऊ ज्यूरर होते, सहा युरोपियन आणि तीन हिंदी. कौल सहा विरुद्ध तीन असाच पडला आणि न्या. स्ट्रेची यांनी अठरा महिने दिले. 1908 ला सात युरोपियन आणि दोन पारशी बसवले. लेख 'केसरी'तले, मराठी. टिळकांचं म्हणणंच हे होतं की भाषांतर बिघडवलेलं आहे आणि ज्यांनी मला तोलायचं त्यांना माझी भाषा येत नाही. सात विरुद्ध दोन, सहा वर्षं, मंडाले. "ज्यूरीने काहीही म्हटलं तरी मी निर्दोष आहे" हे त्यांचे शब्द मुंबई उच्च न्यायालयात संगमरवरावर कोरलेले आहेत. मी दर वेळी तिथे थांबून वाचायचो.

आपल्याकडे ज्यूरी नंतर गेली. 1959 च्या नानावटी खून खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने निर्दोष म्हटलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात जाऊन शिक्षा झाली. त्यानंतर ज्यूरीवरचा विश्वास ओसरत गेला आणि 1973 च्या फौजदारी संहितेत तिला जागाच राहिली नाही. पण 1908 च्या त्या नऊ खुर्च्यांमध्ये मराठी कळणारी चार माणसं असती तर, हा प्रश्न मी आयुष्यभर बाळगला आहे. रेडिंगच्या त्या कोर्टात उद्या कदाचित आपल्याकडचाच कुणी मुलगा पिंजऱ्यात उभा असेल, मोडक्या इंग्रजीत बोलणारा. कदाचित नसेलही. बारा खुर्च्यांपैकी एकीवर असं कुणी असावं की ज्याला शब्द निसटणं म्हणजे काय ते ठाऊक आहे. तुम्ही जा, असं मला मनापासून वाटतं.

जुना_रेडिंगकर

काका, +१. मला चौदा वर्षांत एकदाही बोलावणं आलेलं नाही. आलं असतं तर गेलो असतो.

थेम्सकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. गवतीचहा, तुझा प्रतिसाद नवऱ्यालाही वाचून दाखवला. सदाशिवपेठी काका, तुमचा आईला वाचून दाखवला, मुद्दाम सावकाश. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझे बाबा असते तर त्यांनी तुला आधी काय विचारलं असतं ठाऊक आहे? तिथे तारीख पे तारीख करतात का?" आणि रडायला लागली.

आज दुपारी ऑनलाइन उत्तर दिलं. पात्र आहे असं लिहिलं, तिकिटं जोडली, नोव्हेंबरमधल्या तारखा मागितल्या. ऑफिसात साहेबांना सांगितलं, ते वैतागले, पण फॉर्म भरून देतो म्हणाले. मुलीला शाळेतून आणायचं काम शेजारच्या आजींनी घेतलंय. शपथेचं अजून ठरलेलं नाही. सांगलीला गेले की आईकडची गीता बघेन.

तारीख कळली की इथे एवढंच लिहीन की कळली. त्यानंतर कृपया मला काही विचारू नका, मी उत्तर देणार नाही.