आठ इंची जॉइंटर नसेल तर लाकूडकाम करूच नका म्हणे!

जुनंसागवान:
आपल्या लाकूडकामवाल्यांच्या ग्रुपवर एकानं ठोकून दिलंय की "आठ इंची जॉइंटर, तोही स्पायरल हेडचा, घ्यायची ऐपत होईपर्यंत सॉलिड लाकडाला हात लावू नका, प्लायवूड कापत बसा." खाली नवीन पोरं लगेच "थँक्यू सर, सेव्हिंग चालू करतो". डोकं फिरलं वाचून. तिथं लिहिलं की ॲडमिन उडवतो म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

जॉइंटर करतो काय? दोन टेबलांच्या मध्ये पाती बसवलेला रूळ (हेड) फिरतो, त्याच्यावरून फळी सरकवायची. आठ इंची म्हणजे त्याची रुंदी. एक बाजू सपाट आणि तिला धरून एक कड गुण्यात. बास. जाडी एकसारखी आणणं त्याला जमत नाही, दोन्ही बाजू त्याच्यावरच काढायला गेलात की फळी एकीकडं जाड एकीकडं पातळ होऊन बाहेर येते. म्हणजे थिकनेस प्लॅनर (जाडी एकसारखी काढणारं मशीन) घ्यावा लागतोच. मग तोच आधी घ्या की! जाड एमडीएफची पट्टी घ्यायची, तिच्यावर फळी ठेवायची, पीळ असला की तिरके समोरासमोरचे दोन कोपरे हवेत राहतात, त्यांच्याखाली पातळ पाचरी सरकवून ग्लू गननं टिपके टाकायचे आणि सगळं एकत्र प्लॅनरमधून काढायचं. वरची बाजू सपाट झाली की उलटी करून नुसती फळी घालायची. नुसत्या फळीला रोलर दाबून सरळ करतो आणि बाहेर आली की ती परत पिळते. पाचरीमुळं ती दबत नाही, एवढीच गंमत आहे.

कडेसाठी सात नंबरचा रंधा, 22 इंची. ज्या दोन फळ्या जोडायच्यात त्या पुस्तक मिटल्यागत वाईसमध्ये एकत्र आवळायच्या आणि दोन्ही कडा एकदम रंधायच्या. रंधा थोडा कलला तरी एकीवर जेवढा कोन कमी तेवढा दुसरीवर जास्त, उघडून जोडल्या की सपाट बसतात. लाखभर साठवायची काही गरज नाही. बोला आता.

आठइंची:
ते ठोकून देणारा मीच, नमस्कार.

पाचरीचं कौतुक एक-दोन फळ्यांपुरतं ठीक आहे मालक. डायनिंग टेबलाच्या टॉपला सात-आठ फळ्या लागतात, प्रत्येकीखाली पाचरी शोधत बसा, नंतर गोंद खरवडत बसा, गेला तुमचा रविवार. माझ्याकडं तेच काम चहा निवेपर्यंत होतं. आणि सहा फुटी फळीला सहा फुटीच स्लेड (खालची ती एमडीएफची पट्टी) लागते, ती स्वतः सरळ पाहिजे, वर तिचं वजन. दुसरा माणूस धरायला कोण, वहिनी?

टेबलाच्या लांबीच्या साधारण दुप्पट फळी सरळ होते हा हिशोब सगळ्यांना माहितीय. त्या बेंचटॉप (ओट्यावर ठेवायच्या छोट्या) मशीनची ॲल्युमिनियमची टेबलं अडीच फुटी, म्हणजे पाच फुटाच्या पुढं रामराम. म्हणून म्हटलं की आठ इंची घ्या, सहा फुटी बिडाचं टेबल मिळतं, जन्मभराची काळजी मिटली. रंध्यानं हातानं करा म्हणणारे मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये चार फळ्या रंधून दाखवा, मग बोलू.

होटगीरोडकर:
दोघं पण काय लावलंय. वखारीत द्यायची, तो फुटावर पैसे घेऊन रंधून देतो, विषय संपला.

जुनंसागवान:
वखारीत नुसती प्लॅनरमधून काढून देतात भाऊ. जाडी एकसारखी आणि पीळ होता तसा. घरी आणून टेबलावर ठेवा, एक कोपरा दाबला की दुसरा उठतो.

आठइंची:
बघा, म्हणजे जॉइंटर पाहिजेच :)

भवानीपेठ:
माझा अनुभव कुणी विचारला नाही तरी सांगतो. आमच्या गल्लीत नळाला पाणी सोडलं की घराघरातल्या मोटरी एकदम चालू होतात आणि व्होल्टेज झोपतं. पाणी कधी सोडतील ते देवाला माहीत. अशात दोन एचपीची मोटर चालू करायची म्हणजे दिवे मिचकतात आणि एमसीबी खट्. इलेक्ट्रिशियन आला, म्हणाला सुरू होताना मोटर चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते, बी टाइपचा काढून सी टाइपचा, म्हणजे सुरुवातीचा झटका सोसणारा, एमसीबी बसवा, वेगळी वायर ओढून 16 अँपिअरचा पॉइंट करा. केलं. आता खट् होत नाही पण व्होल्टेज पडलं की मोटर नुसती कण्हते. मशीनच्या किमतीत हा खर्च कुणीच धरत नाही. ते युट्यूबवरचे अमेरिकेतले काका गॅरेजमध्ये 220 व्होल्टचं वेगळं कनेक्शन घेऊन बसलेत, त्यांचं बघून आपण निघालो खरेदीला.

जुळेसोलापूर:
करंट सोडा, आवाजाचं कुणी बोलतच नाही. आमचं रो हाऊस, मधली भिंत कॉमन. सहा इंची बेंचटॉप घेतला मी, त्याला मिक्सरसारखी युनिव्हर्सल मोटर, चालू केला की किंचाळतो नुसता. शेजारचे काका पहिल्या आठवड्यात हसून बोलले, दुसऱ्या आठवड्यात मोबाईलवर नियम दाखवला, 2000 सालचा, रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. मशीन नव्वदीच्या वर. आता काका देवदर्शनाला गेले की मी फळ्या काढतो. मशीन निवडताना आधी शेजार बघा.

मागावरचा:
काय लका आवाज आवाज करालाव. या की सोलापूरच्या आमच्या पूर्व भागात. खाली कापड विणायचे चार माग, वर आम्ही झोपलेलो, माग बंद पडला की जाग यायची, चालू असला की गाढ झोप. त्या आवाजात अभ्यास करून पोरं इंजिनिअर झाली. तुमचं मशीन दहा मिनिटं चालतंय अन् काकांना नियम आठवतोय. जुळे सोलापूरला राहायला गेले की कान नाजूक होतात काय बे?

जुळेसोलापूर:
कॉमन भिंतीपलीकडं आजारी माणूस झोपलेला असतो मालक. मागाशी तुलना करू नका.

मागावरचा:
आजारी माणसं आमच्याकडं पण होती. अख्खं शहर त्या खडखडाटावर जेवलंय. चादर पांघरताना आवाज येत नाही ना तुम्हाला?

भुसाताई:
मागावरचा दादा, झोप लागायची म्हणता ना, आमच्या वडिलांनी पण उभं आयुष्य मागावर काढलं, ते पण असंच अभिमानानं सांगायचे. आता नात शेजारी बसून "आजोबा पाणी देऊ का" म्हणते तर ते तिचे ओठ बघतात. टीव्ही एवढा मोठा लावतात की गल्लीला बातम्या कळतात. कानाला सवय लागली असं वाटतं तेव्हा कान मरत असतो. रोज आठ तास 85 च्या वर आवाज म्हणजे धोका, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही, कापसाचा बोळा तेवढा होता. त्यामुळं "आमचं काय बिघडलं" ही भाषा माझ्यासमोर नको.

मी स्वतः शेडमध्ये काम करते, इअरमफ घातल्याशिवाय स्विचला हात लावत नाही. हातमोजे मात्र घालायचे नाहीत, पात्यात अडकले की हातासकट ओढतं. हे पण एका दादानं इथं उलट लिहिलं होतं मागं.

मागावरचा:
ताई, आमच्या अण्णांना पण कमीच ऐकू येतं. राहू द्या. माझं म्हणणं शेजाऱ्याच्या कटकटीपुरतं होतं.

होटगीरोडकर:
पण खरं सांगू का, मागवाल्यांना कधी कुणी नोटीस दिली नाही आणि बिचाऱ्या लाकूडवाल्याला

भुसाताई:
होटगीरोडकर, विषय मिटलाय, उकरू नका.

जुनंसागवान:
धागा जॉइंटरचा आहे, आठवण करून देतो. मागाचा वेगळा काढा कुणीतरी, मी पण येतो तिथं भांडायला.

आवाजापुरतं आठइंचींचं एक मान्य करतो, नाइलाजानं. स्पायरल हेडला एकच लांब पातं फळीच्या अख्ख्या रुंदीवर आपटत नाही, छोटी छोटी कार्बाइडची चौकोनी पाती पाळीपाळीनं कापतात, त्यामुळं आवाज कमी. इंडक्शन मोटर असली तर अजून कमी. पण त्या हेडचे पैसे बघितलेत का? तेवढ्यात एक अख्खं मशीन येतं.

आठइंची:
नाइलाजानं का होईना, पोचपावती मिळाली. आता दुसरं ऐका. तुमचं नावच जुनंसागवान, म्हणजे पाडलेल्या वाड्यांच्या तुळया न् चौकटी आणता. त्यात खिळे. साध्या पात्यात एक खिळा गेला की सगळ्या फळीवर लांबच्या लांब उंच रेघ, पाती काढा, धार लावायला पाठवा, परत बसवा. माझ्याकडं तेवढाच एक चौकोन ढिला करून फिरवला की नवी धार, चार धारा असतात एकाला.

जुनंसागवान:
रेघ आली तर एक पातं सुताभर (इंचाचा आठवा भाग) बाजूला सरकवायचं, दोन पात्यांचे खाचे एका रेषेत येत नाहीत आणि रेघ गायब. पैसे शून्य. आणि खिळे आधी चुंबक फिरवून काढायचे असतात, मशीनला शोधायला लावायचे नसतात.

भुसाताई:
पाती बसवायला लोक उगाच घाबरतात. प्लग काढायचा. बाहेरच्या टेबलावर (कापलेली फळी ज्याच्यावर येते ते) सरळ पट्टी ठेवायची, टेबलाच्या कडेशी पेन्सिलची खूण करायची, हेड हातानं फिरवायचं. पातं पट्टीला उचलून थोडं पुढं नेतं. परत खूण. दोन खुणांत तीन-एक मिलिमीटर अंतर आलं आणि प्रत्येक पात्याच्या दोन्ही टोकांना तेवढंच आलं की झालं. जास्त उंच राहिलं तर फळीचं शेपूट खोल कापलं जातं, कमी राहिलं तर फळी बाहेरच्या टेबलाच्या तोंडाला अडते. काप अर्ध्या सुताच्या वर नको आणि फूटभरापेक्षा छोटा तुकडा अजिबात नको, बोटं परत मिळत नाहीत.

माझं मत विचाराल तर जुनंसागवान आणि आठइंची दोघंही आपापल्या खिशातून बोलताहेत. सहा इंची, चार फुटाच्या आसपास बिडाचं टेबल, साधी पाती, इंडक्शन मोटर. बटाला-राजकोटकडची मिळतात, रंगावर जाऊ नका, सरळ पट्टी घेऊन जा आणि दोन्ही टेबलांवर आडवी-तिरपी ठेवून खालून उजेड येतो का बघा, फेन्स (फळीची बाजू टेकवायची उभी पट्टी) गुण्यात थांबतो का बघा. आठ इंची मशीन दोनशे किलोच्या आसपास, जिन्यावरून कोण नेणार? आणि बल्लारशाची सागवानी फळी आणली की त्याच दिवशी मापात काढू नका, आपल्या उन्हाळ्यात ती आठवडाभरात परत पिळते. मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवा, आधी मापापेक्षा थोडी जाड ठेवून काढा, मग राहिलेली. हे नाही केलं तर कुठलंही मशीन घ्या, टेबल हलणारच.

भवानीपेठ:
ताई, सहा इंचीला किती एचपी? एमसीबी कुठला?

भुसाताई:
माझी एक एचपीची आहे, पाणी सोडलं तरी चालते.

जुनंसागवान:
चार फुटी बिडाचं सहा इंची असेल तर माझा विरोध थोडा कमी. पण आधी प्लॅनरच, यावर मी हलणार नाही. आठइंची, तुमचं ते मशीन शेडमध्ये किती जागा अडवतं ते एकदा फोटो टाकून दाखवा पोरांना, म्हणजे सेव्हिंग थांबेल. आणि विकायचं असलं तर किंमत पण टाका.

आठइंची:
विकायचं नाही. फोटो पण नाही, त्याच्यावर सध्या दिवाळीचं सामान ठेवलंय. ते सात नंबरच्या रंध्याला धार कुणाकडं लावता तेवढं सांगा, माझा गंजून पडलाय.