आरसी (रिमोटवरचं) विमान ताशी 150 किलोमीटरच्या पुढं न्यायचंय, पण सूर मारला की पंख तुटायलाय

वावरातला_पायलट, लातूर:

नमस्कार मंडळी. औशाच्या वाटेला आमचं वावर आहे, हरभरा निघाला की पाऊस पडेस्तोवर मी तिथंच विमान उडवतो. विमान घरीच बनवलेलं, डिप्रॉनचं म्हणजे थर्माकोलसारख्या पातळ फोमचं, पंख 90 सेंटीमीटर, बॅटरीसकट वजन 520 ग्रॅम. मोटर 2212 साइझची 2200 केव्ही, प्रॉप (पुढचा पंखा) 6×4 म्हणजे सहा इंची आणि 4 पिचचा, बॅटरी 3 एस म्हणजे तीन सेलची, मोटरला करंट देणारा ईएससी 30 अँपिअर. आत छोटा जीपीएस लॉगर ठेवलाय, सरळ उडताना ताशी 97 किलोमीटर दाखवतो, ते पण वाऱ्यासोबत आणि वाऱ्याविरुद्ध अशा दोन्ही फेऱ्यांची सरासरी काढून.

परवा 100 मीटरवरनं सूर मारला, लॉगरवर 141 आला आणि एकदम भर्रर्र आवाज, पत्रा थरथरतो ना वाऱ्यानं तसा, एक सेकंद पण नाही लागला, उजवा पंख गेला. मला आधी वाटलं मधला जोड कच्चा राहिला, पण बघितलं तर जोड शाबूत आहे, पंख जोडाच्या चार बोटं बाहेर तुटलाय आणि एलेरॉनचं (पंखाच्या मागच्या हलत्या पट्टीचं) हॉर्न, म्हणजे दांडी अडकवायचा खुंट, मुळासकट उपटून निघालंय.

आता नवा पंख करायलो. मला सरळ उडताना 150 पाहिजे, पुढं जमलं तर 200. मित्र म्हणतो 4 एस लाव, काम खतम. लावू का? जर्मनीत नील्स हर्ब्रिखनं 2017 ला टर्बाइनवाल्या मॉडेलवर 749 किलोमीटर काढलेत हे वाचल्यापास्नं झोप लागंना गेलीय खरं सांगतो.

जुना_बाल्सावाला, संभाजीनगर:

भाऊ, 4 एस च्या आधी जरा थांब आणि हिशोब कर. 2200 केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला 2200 फेरे, 11.1 व्होल्टला चोवीस हजार चारशे, पण प्रॉप लावला की भार येतो, धर अठरा हजार. 4 पिच म्हणजे प्रॉप एका फेऱ्यात चार इंच पुढं जाणार, गुणाकार केला की ताशी 110 किलोमीटरच्या आसपास येतं. तू 97 काढायलास म्हणजे त्या प्रॉपचा सगळा रस निघालाय, तिथं ताकद वाढवून जास्त काही हाती लागणार नाही, पिच वाढव. 5×5 चा पातळ, कडक प्रॉप लाव, एपीसी कंपनीचे मिळतात, एकोणीस हजार फेरे धरले तरी 145 चा आकडा येतो. स्लोफ्लाय (हळू विमानांचा) प्रॉप या फेऱ्यांना चुकूनही लावू नको, पातं सुटलं तर डोळा जातो.

आणि 4 एस चं म्हणशील तर व्होल्ट वाढले तितकेच फेरे वाढले असं धरू, म्हणजे 33 टक्के, पण त्याच प्रॉपला लागणारी ताकद घनात वाढते, दोन पूर्णांक तीन दशांश पटीच्या वर. करंट जवळजवळ पावणेदोन पट. आज 24 अँपिअर खात असेल तर 42 खाईल आणि तुझा ईएससी 30 चा. विमानाचं पण तेच, हवेचा अडथळा वेगाच्या वर्गात वाढतो आणि ताकद घनात, 97 चे 194 करायचे तर आठ पट वॅट पाहिजेत. म्हणून वेगवाले लोक मोटरच्या आधी विमान बारीक आणि गुळगुळीत करतात. बाहेर लोंबणारी वायर, उघडा सर्व्हो (एलेरॉन हलवणारी छोटी मोटर), खालचं लँडिंग गिअर हे सगळं काढ, हातानं फेकून पोटावर उतरव.

एक अडचण आत्ताच सांगून ठेवतो, जास्त पिचचा प्रॉप उभ्या विमानाला नीट ओढत नाही, पात्यावरनं हवा सुटलेली असते. त्यामुळं फेकणारा माणूस दमदार पाहिजे, नाहीतर पहिल्या दहा फुटातच ढेकळात. त्यात आपल्याकडं मे महिन्यात 42 अंशाला हवा पातळ, समुद्रकाठच्या थंड दिवसापेक्षा पंधरा टक्के तरी कमी घनतेची. वेगाला ते चांगलं, अडथळा कमी, पण फेकताना पंखाला उचल कमी मिळते आणि मोटर, ईएससी, बॅटरी तिन्ही तापतात. लायपो बॅटरी बंद गाडीत ठेवू नको, फुगते.

फायबरवाला_नांदेड:

वरच्या सरांनी ताकदीचं सांगितलं, पण तुमचा खरा आजार तो नाहीच. तो भर्रर्र आवाज म्हणजे फ्लटर. 141 ला झाला, उद्या मोठी मोटर लावून सरळ उडताना 141 गाठले तरी तिथंच होणार.

होतं काय की एलेरॉनचं वजन बिजागरीच्या मागं असतं. पंख जरा वर हलला की एलेरॉन मागं रेंगाळतो, खाली झुकतो, झुकला की हवा पंखाला अजून वर ढकलते, मग पंख परत खाली येताना एलेरॉन उलटा वर. कमी वेगाला हे हेलकावे आपोआप मरतात. एका ठराविक वेगाच्या पुढं मात्र हवा प्रत्येक हेलकाव्यात भर घालायला लागते, झोक्याला वेळेवर धक्का बसल्यासारखं, आणि मग थांबवायला वेळच मिळत नाही. हॉर्न उपटलंय हीच त्याची खूण. म्हणून पहिल्यांदा एलेरॉन बोटानं हलवून बघा, सर्व्हो चालू असताना एक मिलिमीटर जरी ढिला वाटला तर तो पंख वेगाला लायक नाही. सर्व्हो मेटल गिअरचा, पुशरॉड (सर्व्हो ते हॉर्नची दांडी) आखूड आणि जाड, तिच्या टोकाचा झेड बेंड घट्ट, हॉर्नला आतनं प्लायवूडचा तुकडा. एलेरॉनची रुंदी निम्मी करा, वेगात तेवढा पुरून उरतो. बिजागरीची फट टेपनं बंद करा.

आता पंख. बरेच जण मधून कार्बन ट्यूब टाकतात आणि समाधान मानतात, पण ट्यूब पंखाला वाकू देत नाही, पिळू मात्र देते, आणि फ्लटरमध्ये पंख पिळतो. पीळ थांबवायला वरनं फायबरचं कापड लागतं, चौरस मीटरला 25 ग्रॅमवालं पुरतं, पण धागे पंखाला सरळ न ठेवता 45 अंशात तिरके ठेवा, सगळा फरक त्या तिरकेपणात आहे. इपॉक्सी लावून जुन्या कार्डनं निपटून काढा, जास्तीचं रेझिन म्हणजे नुसतं वजन. आणि कळकळीनं सांगतो, कुलर किंवा टाकीवाल्याकडचं स्वस्त पॉलिस्टर रेझिन आणू नका, त्यात स्टायरीन असतं, डिप्रॉन डोळ्यादेखत विरघळतो. मी एक अख्खा पंख असा घालवलाय.

डोंगरकडा, बीड:

मी वेगळंच सांगतो, मोटरचा नाद सोडा. जगातलं सगळ्यात वेगवान आरसी विमान बिनमोटरीचं आहे. कॅलिफोर्नियात पार्कर माउंटनवर स्पेन्सर लिसेनबी यांनी जानेवारी 2021 मध्ये ग्लायडर 548 मैलांवर नेलं, म्हणजे 882 किलोमीटर, तुमच्या त्या जर्मन टर्बाइनच्या पुढं. मोठं प्रवासी विमान वर साधारण 900 नं जातं, हे ऐकून मी दोन दिवस फक्त त्याचाच विचार करत होतो. युक्ती अशी की डोंगराच्या वाऱ्याकडच्या नाही तर मागच्या, आडोशाच्या बाजूला गोल फिरवायचं. वर जोराचा वारा, खाली कड्याआड जवळजवळ शांत हवा, दर गिरकीला विमान ती मधली सीमा दोनदा ओलांडतं आणि दोन्ही वेळा हवेच्या तुलनेत त्याचा वेग वाढतो. अल्बट्रॉस समुद्रावर हेच करत हिंडतो, इंग्लंडचे शास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी हे तत्त्व 1883 मध्येच लिहून ठेवलंय. आपल्या बालाघाटावर आषाढात काय वारा असतो ते लातूरवाल्यांना सांगायला नको. ईपीपी फोमचा पंख घ्या, आपटला तरी मोडत नाही.

जुना_बाल्सावाला, संभाजीनगर:

डोंगरकडा, तुमची माहिती बरोबर आहे, पण पठारावर आता जागोजाग पवनचक्क्या झाल्यात आणि शेरडं घेऊन पोरं त्याच उतारावर असतात. आडोशाच्या गिरकीत विमान माणसाच्या अगदी जवळनं जातं. जागा स्वतः पायी फिरून बघितल्याशिवाय कुणाला पाठवू नका.

वावराचं पण तेच सांगतो भाऊ. 200 चा वेग म्हणजे सेकंदाला 55 मीटर. तुझं 520 ग्रॅमचं विमान त्या वेगात लागलं तर पाच किलोचा धोंडा पाचव्या मजल्यावरनं पडल्यासारखं आहे. त्यामुळं फेरी स्वतःच्या समोरनं आडवी घे, पाठीमागनं किंवा डोक्यावरनं नाही, बघणारे सगळे तुझ्या मागं. रिसीव्हरचा फेलसेफ (सिग्नल तुटला की आपोआप होणारी कृती) थ्रॉटल शून्यावर लाव आणि जमिनीवर ट्रान्समीटर बंद करून तपास. चार सेकंदात विमान सव्वादोनशे मीटर लांब जातं, ठिपका होतं, म्हणून पोट काळं आणि पाठ भगवी रंगव, नाहीतर उलटं आहे का सुलटं कळत नाही. ड्रोन रूल्स 2021 प्रमाणं ग्रीन झोनमध्ये, म्हणजे जिथं उडवायला परवानगी लागत नाही तिथं, 120 मीटरच्या वर परवानगीशिवाय जाता येत नाही, विमानतळ जवळ असला तर अजून कमी, सरकारच्या डिजिटल स्कायच्या नकाशावर आपलं वावर कुठं येतं ते बघून घे. आणि सूर मारून काढलेला आकडा वेग म्हणून धरू नको, सरळ फेरीच खरी.

वावरातला_पायलट, लातूर:

सगळ्यांचे मनापासून आभार, दीड महिन्यानं लिहायलो. नवा पंख फायबरवाले सरांनी सांगितल्याप्रमाणं केला, तिरकं कापड, एलेरॉन निम्मा, वजन 38 ग्रॅमनं वाढलं. बॅटरी 3 एसच ठेवली, प्रॉप 5×5. पहिले दोन फेक वाया गेले, मग चुलतभावानं पळत येऊन फेकलं तेव्हा धरलं.

सरळ फेरी, दोन्हीकडची सरासरी 132. मुद्दाम उंचावरनं हलका सूर मारून बघितला, 158 ला पण गप्प, काहीच आवाज नाही, त्या शांततेनंच अंगावर काटा आला. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पण मोजलं, येताना आणि जातानाच्या आवाजाच्या फ्रिक्वेन्सीतल्या फरकाला दोन्हींच्या बेरजेनं भागायचं आणि आवाजाच्या वेगानं गुणायचं, 135 आलं, म्हणजे लॉगर खोटं बोलत नाही.

150 ला अजून 18 कमी आहेत. सर्व्हो पंखाच्या आत गाडायचे राहिलेत आणि नाकाला मोटरभोवती मोठी फट आहे. मोटर गार राहून ती फट किती बुजवता येईल, कुणी करून बघितलंय का?