क्विझचा सातवा प्रश्न

सेक्रेटरी: रविवारच्या मुलांच्या क्विझचे प्रश्न फायनल करतोय. सातवा: भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्ण कोणी मिळवून दिलं? उत्तर अभिनव बिंद्रा, २००८. कोणाची हरकत?

सुभेदार काका: माझी. मुरलीकांत पेटकर, १९७२.

बी-१०४: काका, ते पॅरालिंपिक, दिव्यांग खेळाडूंचं. बिंद्रांचं ऑलिंपिक.

सुभेदार काका: प्रश्नात ऑलिंपिक शब्द कुठंय? वर जाऊन वाचा.

बी-१०४: 🙈

सी-२०२: पेटकर म्हणजे आमच्या सांगलीकडचे, पेठ इस्लामपूरचे. पण ते बॉक्सर ना?

सुभेदार काका: बॉक्सरच. फौजेत ईएमईला, म्हणजे यंत्रसामग्री सांभाळणाऱ्या दलात होते. १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या घुसल्या, एक मणक्याजवळ अडकली ती तिथंच राहिली. कमरेखालचं शरीर लुळं. वय अवघं वीस. बॉक्सिंग तिथंच संपलं. मुंबईत नौदलाच्या अश्विनी हॉस्पिटलात व्यायाम म्हणून पाण्यात उतरवलं, आणि गड्यानं पोहणंच धरलं. पण त्याआधी १९६८ ला तेल अवीवच्या पॅरालिंपिकला गेले ते टेबल टेनिस खेळायला! पदक नाही आलं. चार वर्षांनी हायडलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत. सुवर्ण आणि विश्वविक्रम. शिवाय तिथंच भालाफेक आणि स्लॅलम, म्हणजे व्हीलचेअर अडथळ्यांतून काढायची शर्यत, यांतही उतरले.

बी-१०४: एका स्पर्धेत एवढं सगळं? आमची पोरं एका क्लासला कंटाळतात.

डी-४०३: त्या काळी परदेशी जायला पैसे कोण देणार?

सुभेदार काका: क्रिकेटवाले विजय मर्चंट. त्यांच्या संस्थेनं हात दिला. सरकारी कौतुकाचं विचारूच नका.

सी-२०२: पद्मश्री २०१८ ला मिळाली. म्हणजे ४६ वर्षांनी 🙏

सुभेदार काका: आणि अर्जुन जीवनगौरव थेट जानेवारी २०२५ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर. मधली वर्षं पुण्यात टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये नोकरी. हे मला पदकापेक्षा जास्त लागतं.

सेक्रेटरी: ठीक, दोन प्रश्न करतो. ऑलिंपिक वेगळं, पॅरालिंपिक वेगळं.

बी-१०४: पण उत्तर तर इथंच फुटलं. पेटकरांचा प्रश्न बाद करा.

सुभेदार काका: बाद कशाला? पोरं कुठं या ग्रुपवर आहेत? फक्त आयांनी घरी सांगू नये.

सी-२०२: 🤐