येळवशीला कुणाला विचारून सुट्टी घेता?

एकांनी लिहिलंय, 'डिसेंबरात काहीच करावंसं वाटत नाही, आणि तिकडं नव्या वर्षाचे संकल्प खुणावतायत. अपराधी वाटतं.' आमच्या लातूरकडं या अपराधावर जुना उतारा आहे, येळवस, म्हणजे शेतात साजरी होणारी वेळा अमावस्या!

मार्गशीर्ष अमावस्येला अख्खं गाव शेतात असतं. कडब्याची कोप म्हणजे खोपी, आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पाच पांडव, मडक्यात ताक-ज्वारीच्या पिठाची आंबील, ढीगभर भाज्यांची भज्जी, पिठाचे उकडलेले उंडे. शहरातसुद्धा बाजारपेठ ओस पडते, जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. जेवून लोक तिथंच झाडाखाली आडवे होतात. माझे आजोबा तर घोरायचे, पांडवांच्या साक्षीनं.

याला कारण पिकाचंही आहे. रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली, काळ्या रानातल्या ओलीवर वाढते. तण काढायच्या कोळपण्या झाल्या की तिला थंडी हवी असते, तुमची लुडबुड नको. हरभऱ्याचंही तेच. काढणी थेट फेब्रुवारी-मार्चात. मधल्या काळात दिवस जेमतेम ११ तासांचा, म्हणून संध्याकाळी शेकोटी, हुरडा आणि गप्पा.

अर्थात ही निवांतपणाची गोष्ट सगळ्यांची नाही. बीडकडचे ऊसतोड कामगार याच थंडीत पहाटे अंधारात फडात उतरतात. तुरीची रासही याच दिवसांत. त्यामुळं 'हिवाळा म्हणजे विश्रांती' असं सरसकट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण ज्यांना जमतं त्यांनी संकल्पांची वही संक्रांतीपर्यंत बंद ठेवावी. मी ठेवलीय. आणि हो, आंबील उरली तर दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते.